उशीखालची खुशी

खोली क्रमांक अकराचं दार उघडलं आणि हे तेच लॉज आहे हे डोळ्यांआधी नाकाला पटलं. भिंतींचा रंग बदललाय, दिवे बदललेत, दाराला चावी नाही, पत्त्याएवढं कार्ड लागतं. पण फिनेलच्या खाली दडलेला तो ओलसर चुन्याचा वास काही कुणाला घालवता आलेला नाही. पुतणीच्या लग्नाला म्हणून मी अहमदपूरहून एसटीनं नांदेडला आले होते. पाहुण्यांच्या खोल्या कुठं घेतल्यात हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गुडघ्यांचं निमित्त करून मी घरीच बसले असते, खोटं कशाला बोलू.

पांढऱ्याशुभ्र उशीवर एक छापील कार्ड ठेवलेलं होतं. चार भाषांत. मराठी तिसऱ्या नंबरला. ‘आमचे परदेशी पाहुणे जाताना उशीखाली खुशी ठेवून जातात. आपणही ठेवू शकता, सक्ती नाही. ती खोली आवरणाऱ्या बाईची असते आणि तिलाच मिळते.’ ‘तिलाच’ या शब्दाखाली रेघ मारलेली होती.

मी ते कार्ड तीनदा वाचलं. मग पालथं घालून ठेवलं.

कार्ड कुणाचं ते मला विचारावं लागलं नाही. आत येताना काउंटरवर नसीमा दिसली होती. साखळीचा चष्मा, तलम सुती साडी, डोक्यावरून पदर, आणि समोर कॅनडाहून आलेल्या एका सरदारजींच्या कुटुंबाशी फाडफाड इंग्रजी. आता हे लॉज तीच चालवते. मला पाहिलं तशी काउंटरमागून धावत बाहेर आली. “आपा! माय गं, आपा हाय की!” म्हणत तिनं मला मिठी मारली, चष्मा माझ्या खांद्याला अडकला, आणि माझ्या पोटात ती जुनी कळ उठली. इतक्या वर्षांत तिला काहीही झालेलं नव्हतं, कळीला म्हणते मी.

आम्ही दोघी इथं खोल्या आवरायचो. मी आधीची, ती नंतरची. मी मुखेडच्या शेतकऱ्याची मुलगी, दहावी पास, लग्न होऊन नांदेडात आलेली. नसीमा इथल्याच जुन्या गावातली. तिच्या सासऱ्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं पेटीवाल्याचं दुकान, लोखंडी पेट्या आणि ट्रंका करायचे. चादर गादीखाली कशी खोचायची, अभ्रा उलटा धरून उशीवर कसा चढवायचा, नीळ किती घालायची हे सगळं मी तिला शिकवलं. ती मला ‘आपा’ म्हणायला लागली ती पहिल्याच दिवशी. मोठी बहीण म्हणून.

टीप हा शब्द तेव्हा आमच्यात नव्हता. खुशी म्हणायचे. ‘साहेब, खुशी’ असं म्हणायला जिभेला वळण लागतं, माझ्या जिभेला ते कधी लागलं नाही. म्हणून पाहुणे निघाले की मी झाडू हातात घेऊन दारापाशी उगाच काहीतरी झाडत राहायची, आणि त्यांनाही त्या झाडण्याचा अर्थ बरोबर कळायचा. हैदराबादचे व्यापारी देताना नोट दोनदा न्याहाळायचे. पंजाबातली कुटुंबं सगळ्या बायांना बोलावून घ्यायची, हातावर नोट, नोटेवर पिन्नीचा लाडू, आणि वर डोक्यावरून हात. आपल्याकडच्या लग्नाच्या वऱ्हाडाचं तर बोलूच नका, ते खुशी द्यायची सोडून साबणाच्या वड्या पिशवीत घालून न्यायचे.

परदेशी पाहुण्यांची तऱ्हाच वेगळी. ते थंडीत यायचे, गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला. इंग्लंडचे, कॅनडाचे, कुणी मलेशियाचे. ते हातात काही देत नसत. निरोपाच्या वेळी नुसते हसायचे आणि जायचे, आणि मी मनातल्या मनात त्यांना कंजूष म्हणायची. मग खोलीत जाऊन उशी उचलली की खाली नोट. सोबत इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी.

पहिल्यांदा मी काय केलं? नोट घेऊन धावत खाली मॅनेजरकडे गेले. कारण आमच्याकडं उशी म्हणजे तिजोरी. माझी आई बटवा उशीखाली घेऊन झोपायची, सासू कानातली काढून उशीखाली ठेवायची, परगावी गेलं की वडील तिकिटासकट सगळं उशीखाली सारायचे. तेव्हा उशीखाली सापडलेला पैसा म्हणजे घाईत विसरलेला पैसा, याखेरीज दुसरा अर्थ मुखेडपासून देगलूरपर्यंत कुणाच्या डोक्यात येणार नाही. मॅनेजर पोट धरून हसला. म्हणाला, “बाई, त्यांच्याकडं तसंच असतंय. हातावर ठेवलं की माणूस लाजंल म्हणून उशीखाली ठेवतेत. चिठ्ठी वाच की, शिकलेली हायस ना?” मी वाचली. आभार मानलेले होते, आणि खोली आवरणाऱ्या बाईसाठी असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मला इतकं बरं वाटलं की ती चिठ्ठी मी पोलक्यात ठेवून घरी नेली.

परदेशी पाहुण्यांना वरचाच मजला हवा असायचा. वर गच्ची होती, वारा होता, पहाटेचं कीर्तन वाऱ्यावरून थेट खिडकीत यायचं. आणि वरचा मजला माझा होता. त्या खोल्यांचे वास अजून माझ्या नाकात आहेत. खालच्या मजल्यावर तेलाचे, डब्यातल्या लोणच्याचे, ओल्या टॉवेलांचे वास. वर मात्र कुठल्या तरी निळ्या फुलांच्या साबणाचा, उन्हात लावायच्या मलमाचा, आणि नव्या कोऱ्या बॅगांच्या कापडाचा वास. त्यांच्या कचऱ्याच्या डब्यातले चॉकलेटचे कागदसुद्धा मी हुंगून बघायची. चादरी गच्चीवर वाळत घातल्या की दोरीवर ते सगळे देश फडफडायचे, आणि मी त्यांच्या मधून मालकिणीसारखी फिरायची.

मग मी बाळंतपणाला माहेरी गेले. पाच महिन्यांनी परत आले तर वरचा मजला नसीमाला दिलेला. “तू आता लेकुरवाळी, जिने कशाला चढतीस? खालचंच बघ,” मॅनेजर म्हणाला. त्यानं ते माझ्या भल्यासाठीच केलं असेल. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

त्याच थंडीत एका सकाळी नसीमा दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली. एका हातात नोट, एका हातात चिठ्ठी. चेहरा घाबराघुबरा.

“आपा, बारा नंबरवाले इसरून गेले की! उशीखाली व्हतं. आता काय करायचं?”

तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. चिठ्ठी म्हणजे तिला कुठल्या तरी औषधाची यादी वाटली होती. ‘अगं वेडे, ते तुझंच आहे,’ एवढं वाक्य. मॅनेजरनं मला सांगितलं तसं हसून सांगायचं, की झालं. मी तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

“दे इकडं. मी देते खाली. त्यांचा पत्ता असतोय वहीत, पाठवून देतेत.”

तिनं लगेच दिली. वर म्हणाली, “बरं झालं तुम्ही हाय. मला तर घामच फुटला.”

त्यानंतर हे चालूच राहिलं. दर आठ-पंधरा दिवसांनी ती खाली यायची, “इसरले की आपा, लई इसरभोळी लोकं,” म्हणून माझ्या तळहातावर नोट ठेवायची आणि हलकी होऊन वर जायची. मी स्वतःला समजवायची, की वरचा मजला माझाच होता, तेव्हा उशाही माझ्याच. त्या पैशांतून मी बाळाला झबली घेतली, सुगंधी पावडरचा डबा घेतला, आणि एकदा, का कोण जाणे, नसीमालाच हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या. तिनं त्या साऱ्या लॉजला दाखवल्या. “आपानी घेतल्या,” म्हणत हात वर करून खळखळ वाजवल्या. तो आवाज मला दिवसभर ऐकू येत राहिला, कारण ती चादरी झटकायची आणि बांगड्या वाजायच्या.

अकरा नंबरमध्ये दर थंडीत एक जोडपं यायचं. नवरा सरदारजी, जालंधरकडचा, उभा जन्म कॅनडात काढलेला. बायको तिथलीच गोरी, उंच, कापसासारख्या केसांची. हेलन तिचं नाव. ती आठ-आठ दिवस राहायची, गच्चीत खुर्ची टाकून लोकर विणत बसायची. जाताना उशीखाली नोट ठेवायची ती घडी घालून, चिठ्ठीवर हसरा चेहरा काढून.

दुसऱ्या वर्षी वेळ अमावस्या आली तेव्हा हेलन अजून तीन दिवस राहणार होती. म्हणूनच मी माहेरी गेले. ती त्या दिवशी निघणार असती तर मी सणाला गेले नसते, इतकी माझी मजल गेली होती. मुखेडच्या आमच्या शेतात कडब्याची झोपडीवजा कोप उभी केली होती. चुलत्यांनी ज्वारीच्या ताटांतून आंबील शिंपडत फेरी मारली. हरभरा घाट्यात आलेला, करडईची बोंडं टोचत होती, आणि पानावर शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वरून थंड आंबील. त्या दिवशी गावात माणूस उरत नाही, सगळे शिवारात. मी पोटभर जेवले आणि बाळाला कोपीत निजवलं. मनाला इतका निवांतपणा पुन्हा कधी मिळाला नाही. येताना नसीमासाठी डबाभर भज्जी आणि उंडे बांधून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गच्चीवर जेवायला बसलो. हेलनची खुर्ची रिकामी होती. मी डब्याचं झाकण काढत होते आणि नसीमा हात नाचवत सांगत होती.

“आपा, काल काय झालं! त्यांचं अचानकच ठरलं, सकाळच्या गाडीनं गेले. मी उशी उचलली तर पैसे! तुम्ही न्हाई. मॅनेजर बी शेताला गेलेले. आता कुणाला देऊ? म्हणलं, गाडी सुटायच्या आत गाठावं. रिक्षा केली, ठेसनावर पळाले, डब्या-डब्यात वाकून बघून राहिले. सापडल्या की शेवटी! मी खिडकीतून नोट दिली. तर ती बाई रडायलाच लागली, आपा. खाली उतरली, मला मिठी मारली, सगळी गाडी बघून राहिली. फॉर यू, फॉर यू, म्हणायली. मला काय कळंना.”

“मग?” मी विचारलं. उंडा माझ्या हातात होता.

“मग सरदारजींनी सांगितलं. बेटी, ये आपके लिए है. हर बार आपके लिए ही रखती है.”

ते वाक्य तिनं जसंच्या तसं सांगितलं. ‘हर बार’सकट.  चादरी फडफडत होत्या. मी खाली बघत राहिले आणि वाट बघत राहिले. आता विचारेल. आता ताटावरून उठेल. आता हातातल्या बांगड्या काढून माझ्या पुढ्यात ठेवेल.

नसीमानं ताट पुढं केलं. “भज्जी वाढा की अजून, आपा. लई भारी झालीय.”

मी वाढली. थोडी भज्जी गच्चीच्या फरशीवर सांडली. तिनं ती बोटानं निपटून काढली, आणि आम्ही जेवलो.

त्या दिवसापासून तिनं मला एकही नोट आणून दिली नाही, आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. आपा म्हणणं तेवढंच राहिलं. तिला काही उमगलंच नाही, असं मी ठरवून टाकलं. साधी बाई आहे, गेलं असेल डोक्यावरून. कधी वाटायचं, तिला सगळं कळलंय आणि ती मला मुद्दाम टांगून ठेवतेय. दोन्ही वेळा मला तिचा रागच यायचा.

आणि हेलन! पुढच्या थंडीत ती आली ती ‘नसीमा, नसीमा’ करतच जिना चढली. मग दर वर्षी तेच. दोघी गच्चीवर बसायच्या. हेलन तिला लोकर विणायला शिकवायची, नसीमा तिच्या हातावर मेंदी काढायची. एकमेकींची भाषा येत नसताना यांचं बोलणं चालायचं तरी कसं, हे ऐकायला मी खालून उगाच बादली घेऊन वर जायची. बघता बघता नसीमा इंग्रजी बोलायला लागली. दहावीपर्यंत इंग्रजी शिकले मी, आणि बोलायला शिकली ती. मला अजून ‘थँक्यू’च्या पुढं जाता येत नाही.

हेलननं मला काही दिलं नाही असं म्हणणार नाही. नसीमासाठी दर वर्षी स्वतः विणलेला स्वेटर यायचा, माझ्यासाठी साबणाची वडी. तोच निळ्या फुलांच्या वासाचा. ज्या साबणाचा रिकामा कागद मी कधीकाळी हुंगत होते, तो अख्खा साबण हातात आला आणि मला त्याचा वास सहन होईना. चार-पाच वड्या साठल्या तशा मी त्या भावजयीला देऊन टाकल्या.

मला राहून राहून एकच गोष्ट डाचायची. पहिल्या वेळी मीही प्रामाणिकच होते की. मीही नोट घेऊन पळालेच होते. पण मी पळाले ती मॅनेजरकडे, आणि मॅनेजरकडे पळणाऱ्या बाईला कुणी मिठी मारत नाही. त्यासाठी स्टेशनवर पळावं लागतं, गाडी सुटता सुटता, सगळ्यांच्या देखत. तिची ती धाव मला हवी होती. नोटा काय, त्या मला मिळाल्याच होत्या.

पुढं आमच्या यजमानांना अहमदपूरला धान्याच्या मोंढ्यात काम मिळालं आणि आम्ही नांदेड सोडलं. निघताना नसीमा एसटी स्टँडवर आली होती, खिडकीतून हात धरून रडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आता हिच्यापासून सुटले, एवढंच मनात आलं. मग तिकडून बातम्या यायच्या. नसीमा काउंटरवर बसते. नसीमाची मुलगी कॉलेजात शिकते. हेलन गेली तेव्हा सरदारजींनी कॅनडाहून नसीमाला फोन केला, ती दोन दिवस जेवली नाही. प्रत्येक बातमीला मी ‘असं का, बरं झालं’ किंवा ‘अरेरे’ म्हणायची, आणि त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडायचं.

तर आता हे कार्ड. ‘तिलाच’, आणि खाली रेघ.

लग्न लागलं, अक्षता पडल्या, पोरीची पाठवणी झाली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास नसीमानं निरोप पाठवला, गच्चीवर चहाला या. कपडे धुवायला आता मशीन आहे, तरी दोरीवर चार चादरी होत्याच. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. तिनं बशीत चहा ओतला, मी कपानंच घेतला. घोटभर पोटात गेल्यावर मी विचारून टाकलं. आता नाही विचारलं तर हा सल माझ्याबरोबर सरणावर जाईल, असं वाटलं.

“नसीमा, त्या येळ अमावस्येला सरदारजी तुला ‘हर बार’ म्हणले होते.”

“हाव.”

“तुला तवाच कळलं?”

“ठेसनावर न्हाई कळलं,” ती म्हणाली. “येताना रिक्षात कळलं. बसून इचार करत आले ना. लॉज येईपर्यंत एकेक नोट आठवली.”

“मग भांडली का न्हाईस? मला चोर का म्हणली न्हाईस?”

तिनं बशी खाली ठेवली. पदरानं ओठ पुसले.

“म्हणणार व्हते, आपा. काय काय बोलायचं ते सगळं ठरवून आले व्हते. तर तुम्ही डबा घेऊन आलात.” ती थोडी हसली. “माझं नवं नवं लग्न. सासू माझ्याशी बोलत नव्हती. हितं बाकीच्या बाया जिन्याखाली जेवायच्या, मला कुणी ये म्हणलं न्हाई. माझ्या ताटात हात घालून जेवणारं ह्या लॉजात एकच माणूस व्हतं. भांडले असते तर पैसे आले असते वापस. पण दुपारी बसले असते कुणासंग?”

मला वाटलं होतं, एकदा हे बोलणं झालं की छातीवरचा धोंडा उतरेल. ती मात्र माझ्याकडे असं बघत होती की मला मान वर करवेना. तिच्या हिशेबी मी चोर होते, तशीच एक भली बाईही होते, आणि त्या भल्या बाईसाठी तिनं चोर सोडून दिला होता.

खरं काय ते एकट्या मला ठाऊक आहे. माझ्या डब्यात रोज भाकरी आणि वाळलेलं पिठलं. तिची सासू तिच्याशी बोलत नसे, पण डबा भरून द्यायची. झाकण उघडलं की बगाऱ्या भाताचा, तेजपानाचा वास सुटायचा, सोबत खट्टी दाल, कधी अंबाडीची चटणी. न बोलणारी सासूसुद्धा हिला असा डबा देते, या विचारानं माझ्या पोटात पहिल्या दिवसापासून दुखत होतं. तिच्या ताटात मी हात घालायची तो भातासाठी. बाकीच्या बाया तिला बोलवत नव्हत्या हे तर माझ्या लक्षातही आलेलं नव्हतं.

हे तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

“आता जेवूनच जावा, आपा,” नसीमा उठत म्हणाली. “दुपारची एसटी धरा. घरून बगारा सांगितलाय मी, तुम्हाला लई आवडतोय ना.”

मी “हाव” म्हणाले.